ढग खाली का पडत नाही?

‘पाण्याची वाफ होते, वाफेचे ढग होतात आणि ढगांतून पाऊस पडतो’ एवढे सांगून आपण मुलांचे समाधान करू पाहतो. पण चौकस मूल लगेच विचारते, की ढग पाण्याचा असेल तर तो खाली का पडत नाही? प्रश्न मार्मिक आहे, आणि ‘ढगांची टक्कर झाली की पाऊस येतो’ असे ठोकून देऊन त्याला बगल देणे हा मुलावर अन्याय आहे.

ढग म्हणजे वाफ नव्हे, कारण वाफ डोळ्यांना दिसत नाही. वर चढणारी हवा प्रसरण पावून थंड होते आणि तिच्यातील बाष्प धुळीच्या, धुराच्या किंवा मिठाच्या सूक्ष्म कणांवर जमून थेंबुकली, म्हणजे अगदी बारीक थेंब, तयार होतात. अशा थेंबुकल्याचा व्यास साधारण ०.०२ मिलिमीटर असतो. ते पडतच असते, पण सेकंदाला जेमतेम १ सेंटिमीटर, त्यामुळे वर येणारी हवा त्याला सहज तोलून धरते.

पावसाच्या २ मिलिमीटरच्या थेंबाचा व्यास याच्या १०० पट, म्हणजे त्यात अशी १० लाख थेंबुकली मावतात! ती एकत्र कशी येतात, हे मुलांना पावसात खिडकीच्या काचेवर दाखवावे. बारीक थेंब काचेला चिकटून असतात. दोन मिळून एक जड झाला की तो घसरतो, वाटेतले थेंब गिळतो आणि अधिकच वेगाने खाली येतो. ढगातही मोठे थेंब लहानांना गाठून असेच वाढतात.

शून्य अंशाखालच्या ढगात मात्र आणखी एक नवल घडते. तिथे पुष्कळसे पाणी न गोठता द्रवरूपच असते, आणि बर्फावरील संपृक्त बाष्पदाब (हवा बाष्पाने पुरती भरली की बाष्पाचा जो दाब असतो तो) पाण्यावरील दाबापेक्षा कमी असल्याने, म्हणजे बर्फावर बाष्प अधिक सहज जमत असल्याने, थेंबुकल्यांतले पाणी बाष्प होऊन हिमस्फटिकांवर जमत जाते. जड झालेले स्फटिक खाली येताना वितळले, की त्यांचाच पाऊस होतो. कृत्रिम पावसासाठी सिल्व्हर आयोडाइड हे चांदीचे संयुग फवारतात ते असे स्फटिक बनावेत म्हणूनच. निरभ्र आकाशातून पाऊस पाडण्याच्या वल्गनांवर अजिबात विश्वास ठेवू नये.

आणि चित्रात थेंबाला शेपटी काढू नये. लहान थेंब गोल असतो, मोठा हवेच्या दाबाने खालून चपटा होतो आणि ५-६ मिलिमीटरच्या पुढे गेला की फुटतो; ते तुकडे ढगातच असतील, तर पुन्हा थेंबुकली गिळू लागतात.