समुद्री अर्चिनांची दृष्टी

समुद्री अर्चिन हा कंटकचर्मी संघातला प्राणी. समुद्रतारा आणि समुद्रकाकडी हे त्याचे भाऊबंद. अंगभर काटे, आत कॅल्साइटचे गोल कवच आणि तोंड खालच्या बाजूला. त्याला डोके नाही, डोळेही नाहीत. मेंदूच्या जागी तोंडाभोवती एक चेतावलय, म्हणजे मज्जातंतूंचे कडे, आणि त्यातून चाकाच्या आऱ्यांसारख्या निघणाऱ्या पाच अरीय चेता एवढाच पसारा. तरीही तो उजेड ओळखतो, अंगावर सावली आली की काटे हलवतो आणि अंधारी कपार हेरून तिकडे चालू लागतो.

मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर उधाणाच्या ओहोटीला पाणी लांबवर हटते, तेव्हा अर्चिन शोधायचा तो डबक्यांत, कपारींत आणि दगडांच्या खालच्या अंगाला. उघड्या उन्हात तो क्वचितच बसतो, आणि या निवडीत त्याच्या प्रकाशसंवेदनेचाही वाटा असावा.

डोळ्यांचा शोध जुना आहे. डायाडेमा या लांब काट्यांच्या अर्चिनाच्या अंगावर चमकदार निळे ठिपके असतात. 1887 मध्ये पॉल आणि फ्रिट्झ सारासिन या स्विस संशोधकांनी ते कीटकांसारखे संयुक्त डोळे असल्याचे मांडले. पुढे ते खोडले गेले. विसाव्या शतकाच्या मध्यावर नॉर्मन मिलॉट यांनी याच अर्चिनावर काम करून दाखवले, की सावली पडताच काटे हलतात आणि अरीय चेता स्वतःच प्रकाशसंवेदी असते.

खरा उलगडा जनुकांनी केला. 2006 मध्ये जांभळ्या अर्चिनाचा जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकसंच, प्रसिद्ध झाला. माणसाच्या दृष्टिपटलात प्रकाश टिपणारी ऑप्सिन नावाची प्रथिने असतात. त्याच कुळातली जनुके इथे सापडली, तीही डोळे नसलेल्या प्राण्यात. 2011 मध्ये ही प्रथिने नालपादांत दाखवण्यात आली. नालपाद म्हणजे कवचाच्या छिद्रांतून बाहेर येणाऱ्या, टोकाला चकती असलेल्या मऊ नळ्या. अर्चिन त्यांच्या आधारे चालतो आणि खडकाला धरून राहतो. प्रकाशग्राही पेशींचे पुंजके या नळीच्या टोकाला आणि बुडाशी असतात. बुडाचा पुंजका कवचातल्या खोलगट जागेत बसतो. कॅल्साइटची कड एका बाजूचा उजेड अडवते, त्यामुळे प्रकाश कुठून आला हे त्या पेशींना कळते. डोळ्यात हे काम रंगद्रव्याचा पडदा करतो. इथे ते सांगाड्यावर सोपवले आहे. मला या साऱ्या विषयात हीच गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते. काटेही तिरपा उजेड अडवून यात भर घालतात असे मानले जाते. थोडक्यात, अर्चिनाचे सगळे अंगच पाहते.

दिसते ते मात्र ढोबळ. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत जांभळ्या अर्चिनांनी 10 अंश रुंदीच्या काळ्या वर्तुळाला प्रतिसाद दिला, 6.5 अंशांच्या वर्तुळाला नाही. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण 10 अंश व्यापते. काही अर्चिन वर्तुळाकडे गेले, काही उलट दिशेला; एकाला त्यात आसरा दिसला असेल, दुसऱ्याला शत्रू. कॅनरी बेटांकडच्या डायाडेमा आफ्रिकानमवर 2018 मध्ये झालेल्या कामात लक्ष्य याहून बरेच मोठे लागले. त्या प्रयोगांतल्या आकृत्यांची सरासरी उजळता पार्श्वभूमीइतकीच ठेवली होती. त्यामुळे अर्चिन नुसत्या अंधाराकडे न जाता आकृतीच ओळखत होते, हे पक्के झाले.

एवढी नजर तोकडी म्हणावी का? एक मीटरवर 10 अंश म्हणजे जेमतेम 17 सेंमी, एखाद्या कपारीचे तोंड. मुंबईच्या गाळाने गढूळ झालेल्या पाण्यात त्यापलीकडचे तीक्ष्ण डोळ्यांनाही फारसे दिसत नाही.

उजेड टाळण्याची आणखी एक रीत काही उथळ पाण्यातल्या जातींत दिसते. ट्रिपन्यूस्टेस आणि लायटेकायनस हे अर्चिन शिंपले, शेवाळाचे तुकडे, खडे नालपादांनी उचलून अंगावर धरतात. उजेड, विशेषतः अतिनील किरण वाढले की ही जमवाजमव वाढते.