छप्परी पूल
छप्परी पूल : लाकडी कैच्यांवर (तुळया त्रिकोणांत जोडून केलेल्या सांगाड्यांवर) किंवा कमानींवर तोललेला, वर छप्पर आणि बहुधा दोन्ही बाजूंना फळ्यांच्या भिंती असलेला पूल. वाटसरूंना त्याचा आडोसा मिळतो खरा, पण छप्पर घातले जाई ते पुलाचा सांगाडा कोरडा राहावा म्हणून. पाणी पाहून घोडे बुजू नयेत किंवा पुलावर बर्फ साचू नये म्हणून छप्पर असे, ही समजूत लोकप्रिय आहे. तिच्यातला बर्फाचा भाग तर वस्तुस्थितीच्या उलट आहे : अमेरिकेच्या ईशान्य भागात हिवाळ्यात घसरगाड्या चालाव्यात म्हणून छपराखालच्या फळ्यांवर मुद्दाम बर्फ पसरावा लागे.

लाकडातील ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण २० टक्क्यांच्या आत राहिला, तर ते कुजवणारी बुरशी वाढत नाही. उघड्या पुलावर पडलेला पाऊस तुळयांच्या अंगावरून निथळतो. खरा धोका सांध्यांत असतो. तुळईचे कापलेले टोक पाणी झपाट्याने शोषते आणि खाचेत शिरलेले पाणी लवकर वाळत नाही. त्यात ऊन-पावसाने लाकूड फुगत-आकसत राहते व सांधे सैल होतात. चालण्याच्या फळ्या झिजल्या तर बदलता येतात. कैचीचा मुख्य दांडा बदलायचा, तर पुलाचा भार आधी टेकूंवर घ्यावा लागतो. म्हणूनच झाकायची ती कैची. भिंतींत वळचणीखाली फट ठेवत, म्हणजे हवा खेळती राही.

फिलाडेल्फियात स्कूलकिल नदीवर टिमथी पामर याने बांधलेल्या पुलाला १८०५ मध्ये छप्पर घातले गेले. पूल उघडा राहिल्यास १०-१२ वर्षे आणि झाकल्यास ३०-४० वर्षे टिकेल, असा पामरचा अंदाज होता. पूलकंपनीचे अध्यक्ष न्यायमूर्ती रिचर्ड पीटर्स यांनी छपराचा आग्रह धरला. प्रत्यक्षात पामरचा अंदाज फारच सावध ठरला : अमेरिकेतील न्यू हॅम्पशर आणि व्हर्माँट या राज्यांना जोडणारा कॉर्निश-विंडसर पूल १८६६ पासून उभा आहे. कॅनडातील हार्टलंड पूल (३९१ मी.) हा जगातील सर्वांत लांब छप्परी पूल, १९०१ मध्ये तो खुला झाला तेव्हा मात्र उघडाच होता.

चीनच्या फूज्येन आणि च-च्यांग प्रांतांतील विणीच्या कमानींच्या पुलांवर छपराचे काम आणखी वेगळे आहे. तेथील जड मंडपाच्या वजनाने एकमेकींत गुंतवलेल्या तुळया दाबून धरल्या जातात, त्यामुळे कमान स्थिर राहते.

कोरडे लाकूड पेटतेही लवकर. स्वित्झर्लंडमधील शाफहाउझेनचा प्रसिद्ध पूल १७९९ मध्ये फ्रेंच सैन्याने जाळला. लुझर्नच्या चौदाव्या शतकातील काप्पेलब्र्युके या पुलाचा मोठा भाग आणि छपराखालच्या सतराव्या शतकातील चित्रांपैकी बहुतेक चित्रे ऑगस्ट १९९३ च्या आगीत नष्ट झाली. पूल पुन्हा बांधून १९९४ मध्ये खुला करण्यात आला.