बसलेल्या बैलाच्या रक्तात काय शोधायचं?

चिखलात घसरून बैलाने मागचे पाय टाकले की आपल्या मराठवाड्यात कुणीतरी ‘बाहेरचं आहे’ म्हणतो आणि कुणीतरी डाग द्यायला सळई तापवतो. डागाने मज्जातंतू जुळत नाही. कातडी जळते, जखम चिघळते आणि उपचाराचे मोलाचे दिवस हातचे जातात.

मुळात बिघाड कुठे आहे ते कळायला हवं. व्यायल्यावर कॅल्शियम कमी पडून बसलेली गाय शिरेतून कॅल्शियम दिलं की बहुधा उठते. स्नायू फाटले तर रक्तात क्रिएटिन कायनेज वाढतं. मज्जातंतूचं काय? एक्स-रेत हाड दिसतं, तंतू दिसत नाही. पण तोही तुटला की रक्तात खूण सोडतो. ती खूण म्हणजे न्यूरोफिलामेंट हे प्रथिन.

बैलाच्या कमरेतून खुराकडे जाणारा एकेक अक्षतंतू, म्हणजे मज्जापेशीचा संदेश नेणारा लांब धागा, मीटरभर तरी लांब असतो. त्याच्या आत जेमतेम १० नॅनोमीटर जाडीचे प्रथिनांचे धागे उभे भरलेले असतात. हलकी, मध्यम आणि जड अशा साखळ्या वळून एकेक धागा बनतो. मध्यम आणि जड साखळ्यांची शेपटं गव्हाच्या ओंबीवरच्या कुसळांसारखी बाहेर डोकावतात आणि शेजारच्या धाग्याला लांब ठेवतात. त्यामुळे तंतू जाड राहतो, आणि जाड तंतूतून संदेश वेगाने धावतो. मार बसला की तंतूचं आवरण फाटतं. बाहेर आतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट कॅल्शियम असतं, ते आत घुसतं. त्याने कॅल्पेन नावाचं विकर (एन्झाइम) जागं होतं आणि हे धागे कापत सुटतं. तुकडे मेंदू-मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात आणि तिथून रक्तात उतरतात.

रक्तात ते मिलिलिटरला काही पिकोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या लाख-कोटीव्या भागांत मोजावे लागतात. हलक्या साखळीची रचना सस्तन प्राण्यांत इतकी सारखी आहे की ती ओळखून पकडणारी, माणसासाठी बनवलेली प्रतिपिंडं (अँटिबॉडी) कुत्र्याच्या रक्तातही चालतात. मणक्याची गादी सरकलेल्या कुत्र्यांच्या रक्तात जड साखळी वाढलेली आढळली आहे.

पण ही काही जादूची चाचणी नव्हे. तंतू तुटला एवढंच ती सांगते. कुठे आणि कशाने, ते तपासणाऱ्यालाच शोधावं लागतं. मज्जापेशींच्या इजेची खूण म्हणून मोजलं जाणारं एनएसई (न्यूरॉन-स्पेसिफिक एनोलेज) हे दुसरं प्रथिन रक्तातल्या लाल पेशींतही असतं, त्यामुळे नमुना उन्हात ठेवून पेशी फुटल्या तर आकडा खोटाच वाढतो. शिवाय कुत्र्यांत हलकी साखळी वयानुसारही वाढते. म्हणून उदगीर आणि परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत देवणी आणि लाल कंधारीच्या निरोगी जनावरांची वयानुसार पातळी मोजून ठेवली पाहिजे, असं मला फार वाटतं. त्याशिवाय बसलेल्या बैलाचा आकडा कशाशी ताडून बघणार?