आधुनिक कलेच्या जाणकारांवरचा अविश्वास: पार्श्वभूमी

१८६३ साली पॅरिसच्या सरकारी प्रदर्शनात निवड समितीने निम्म्याहून अधिक कलाकृती नाकारल्या. जाणकार फार नाकारतात, अशी तेव्हाची ओरड. आजची तक्रार नेमकी उलटी आहे: काहीही खपवून घेतात. हे पारडं फिरण्यात न्यूयॉर्कमधल्या एका खटल्याचा वाटा मोठा आहे.

१९२६ मध्ये ‘बर्ड इन स्पेस’ हे ब्रॉन्झचं शिल्प तिथल्या बंदरात उतरलं. कलाकृतीला आयात शुल्क माफ होतं. पण पंख, चोच, पाय यांचा पत्ता नाही म्हटल्यावर कस्टमने ते स्वयंपाकघरातली भांडी आणि रुग्णालयाचं साहित्य या सदरात घालून ४० टक्के शुल्क लावलं. अधिकारी मनमानी करत नव्हते. शिल्प म्हणजे निसर्गातल्या वस्तूची प्रतिकृती, असा १९१६ चा निकाल त्यांच्या हाती होता. साम्याखेरीज खटल्यात चौकशी झाली ती अशी: कृती मूळ आहे का, घडवणारा व्यावसायिक शिल्पकार आहे का, काम त्याच्या हातचं आहे का, वस्तूचा व्यवहारात काही उपयोग होतो का. पक्षी ओळखायला अडचण येते, हे न्यायालयाने मान्य केलं, तरी १९२८ मध्ये निकाल शिल्पकाराच्या बाजूने दिला. निकाल रास्तच होता. मात्र तो मिळाला शिल्पकार, संग्रहालयाचा संचालक, मासिकांचे संपादक यांच्या साक्षींवर. साम्याची कसोटी गेली आणि तिच्या जागी जाणकाराचा शब्द बसला. जाणकारांवर अविश्वास असणाऱ्यांचं खरं दुखणं तेच.

१९७६ मध्ये लंडनला त्याचा भडका उडाला. चार वर्षांपूर्वी तिथल्या टेट संग्रहालयाने १२० भट्टीच्या विटांची मांडणी शिल्प म्हणून विकत घेतली होती. दोन थर, प्रत्येकी ६०, मध्ये चुना-सिमेंट काही नाही. ही मांडणी १९६६ ची, पण तेव्हाच्या मूळ विटा खपल्या नाहीत म्हणून वीटभट्टीला परत गेल्या होत्या, या नव्या होत्या. मग पैसे नेमके कशाचे, हा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. २०१० मध्ये युरोपियन आयोगापुढेही तोच गुंता आला. कलाकाराने केलेली ट्यूबलाइटची मांडणी सुट्या भागांत आयात झाली तर ती दिव्यांची फिटिंग. कला त्या भागांत नाही, पडणाऱ्या प्रकाशात आहे, असं आयोगाने ठरवलं. ब्रिटनमधल्या न्यायाधिकरणाने २००८ साली त्याच मांडणीला शिल्प म्हटलं होतं.

सर्वांत मोठा दणका मात्र २०११ नंतरचा. न्यूयॉर्कच्या एका जुन्या गॅलरीने विकलेली अमूर्त चित्रं बनावट निघाली. १९५० चं म्हणून विकलेल्या एका चित्रात १९७० पर्यंत बाजारात नसलेला पिवळा रंग सापडला. दुसऱ्यावरच्या सहीत चित्रकाराच्या नावातलं अक्षरच गळालेलं. आधीच्या मालकीचे कागद नव्हते. मालकाला नाव गुप्त ठेवायचंय, एवढ्यावर सगळ्यांचं भागलं होतं.