खासगी मोटार भाड्याने देणे आणि विमासंरक्षण

खासगी वापरासाठी नोंदलेली मोटार मालकाने पैसे घेऊन दुसऱ्याला चालवायला दिली, तर तिच्या विम्याचे संरक्षण कितपत टिकते, हा या नोंदीचा विषय आहे. ठाण्यातील घोडबंदर रस्त्यालगतच्या आणि नवी मुंबईतील ऐरोली, खारघर येथील रहिवाशांना हा प्रश्न जवळचा आहे. कारण तेथील अनेक मोटारमालक आठवडाभर लोकलने कामावर जातात, गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी असते, आणि गणपतीत कोकणात किंवा शनिवार-रविवारी लोणावळ्याला जाण्यासाठी ओळखीतल्या कोणाला तरी गाडी हवी असते.

भारतातील खासगी मोटारीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा सांगणारे कलम असते. भाडे किंवा मोबदला घेऊन केलेला वापर त्यानुसार संरक्षणाबाहेर राहतो, आणि बोलीभाषेत ज्याला ‘फुल इन्शुरन्स’ म्हणतात त्या पॉलिसीलाही हे कलम लागू असते. गाडी कोण चालवतो यापेक्षा ती कोणत्या बोलीवर दिली, याला येथे महत्त्व आहे. वैध लायसन्स असलेल्या मेहुण्याला किंवा शेजाऱ्याला गाडी फुकट दिली तर संरक्षण सामान्यतः कायम राहते. त्याच शेजाऱ्याकडून दिवसाचे भाडे घेतले की ते डळमळीत होते.

सर्वांत मोठा धोका स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा नसून तिसऱ्या पक्षाच्या, म्हणजे अपघातात नुकसान झालेल्या बाहेरच्या व्यक्तीच्या, भरपाईचा आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ नुसार तिसऱ्या पक्षाचा विमा सक्तीचा आहे. मात्र परमिट (वाहन भाड्याने चालवण्याची सरकारी परवानगी) नसताना वाहन भाड्याने वापरले, हा विमा कंपनीला कायद्याने दिलेल्या बचावांपैकी एक आहे. अपघातग्रस्ताला रिकाम्या हाती परत जावे लागू नये म्हणून न्यायालये अशा प्रकरणांत कंपनीला आधी भरपाई द्यायला आणि नंतर ती मालकाकडून वसूल करायला सांगू शकतात. परमिट नसणे हा कायद्याचा मूलभूत भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अमृत पॉल सिंग प्रकरणात ठरवले आणि वसुलीचा आदेश कायम ठेवला. मृत्यूच्या दाव्यात भरपाई मृताचे वय, उत्पन्न आणि अवलंबित पाहून ठरते. त्यामुळे दोन दिवसांच्या भाड्यापोटी मालकावर घराच्या किमतीएवढा बोजा पडणे अशक्य नाही.

स्वतःच्या गाडीच्या नुकसानीबाबत चित्र थोडे मवाळ आहे. अमलेंदू साहू प्रकरणात (२०१०) खासगी पॉलिसीची गाडी भाड्याने दिलेली असूनही सर्वोच्च न्यायालयाने क्लेम पूर्णपणे नाकारणे मान्य केले नाही आणि एकरकमी २,५०,००० रुपये देववले. तरीही हा दिलासा खटला लढून मिळालेला आणि अंशतःच आहे, त्यावर विसंबून गाडी देणे शहाणपणाचे नाही.

चोरीच्या बाबतीत एक बारकावा सहज निसटतो. भाड्याने घेणाऱ्याने गाडी परतच केली नाही, तर किल्ली मालकानेच विश्वासाने दिलेली असल्याने घटना नेहमीच्या चोरीपेक्षा अपहारात मोडू शकते. स्वतः चालवण्यासाठी भाड्याने दिल्या जाणाऱ्या वाहनांकरिता भारतीय मोटार विम्यात अपहाराच्या जोखमीचे वेगळे जोडकलम आहे. खासगी पॉलिसीत ते नसते.

रीतसर मार्ग वाहनाचा वर्ग बदलण्यापासून सुरू होतो. भाड्याने देऊन ग्राहकाने स्वतः चालवायच्या मोटारीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असतात, तिला परमिट आणि फिटनेस लागते, आणि विमाही त्याच वापराचा घ्यावा लागतो. ठाण्याच्या एमएच-०४ किंवा वाशीच्या एमएच-४३ मालिकेतील पांढऱ्या पाटीची गाडी परमिटशिवाय भाड्याने दिल्यास कलम १९२अ नुसार पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. केंद्र सरकारच्या रेंट-अ-कॅब योजनेने (१९८९) गाड्या भाड्याने देण्याचा परवाना घेणाऱ्याकडे किमान ५० मोटारी असण्याची अट घातली असल्याने एका गाडीच्या मालकाला स्वतंत्र परवाना मिळवणे व्यवहारात शक्य नसते.

ॲपमार्फत गाडी देताना ‘प्रोटेक्शन’ म्हणून जे सांगितले जाते, तो विमा कंपनीने मालकाच्या नावे दिलेला विमा असेलच असे नाही. तो ॲपचालक आणि मालक यांच्यातला निव्वळ करार असू शकतो. पॉलिसी क्रमांक, वाहनाचा वर्ग आणि भाड्याच्या वापराची नोंद ही तीन माहिती लेखी मागावी. मालक-चालकाचे १५ लाख रुपयांचे सक्तीचे वैयक्तिक अपघात संरक्षण मालक स्वतः गाडी चालवत असताना, तीत चढता-उतरताना किंवा सहचालक म्हणून प्रवास करताना लागू होते. भाड्याने घेऊन चालवणाऱ्याला त्यातून काहीही मिळत नाही.