नवजात अर्भकांचे मेंदूआधारित वेदनामापन

बोलता न येणाऱ्या बाळाला होणाऱ्या वेदनेचा अंदाज त्याच्या मेंदूतील विद्युत लहरी किंवा रक्तप्रवाहातील बदलांवरून घेण्याच्या पद्धती. रुग्णालयांत एरवी कपाळाच्या आठ्या, गच्च मिटलेले डोळे, हृदयाचे ठोके आणि रक्तातील ऑक्सिजन पाहून गुण देतात. पण भुकेले बाळही रडते, आणि फार अपुऱ्या दिवसांचे बाळ सुई टोचली तरी निपचित राहू शकते.

नवजातांना दुखणे फारसे कळत नाही, या समजुतीपायी १९८०च्या दशकातही त्यांच्या काही शस्त्रक्रिया जुजबी भुलीवर होत. इंदूरला वैद्यकी शिकलेल्या कन्वलजीत आनंद यांच्या ऑक्सफर्डमधील अभ्यासाने (१९८७) या समजुतीला मोठा धक्का दिला. मात्र त्यांचा पुरावा मुख्यतः शरीरावर येणाऱ्या ताणाचा होता. मेंदूच्या बाहेरच्या थरापर्यंत (कॉर्टेक्स) वेदनेची वर्दी पोहोचते, हे २००६ मध्ये लंडन आणि स्टॉकहोमच्या संशोधकांनी अवरक्त प्रकाशाच्या साहाय्याने रक्तप्रवाहातील बदल टिपून दाखवले.

सर्वाधिक वापर ईईजीचा, म्हणजे डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूतील विद्युत लहरी नोंदवण्याचा. तपासणीसाठी बाळाच्या टाचेतून रक्त घ्यायचेच असते. तीच वेळ साधली जाते, मुद्दाम टोचत नाहीत. पूर्ण दिवसांच्या बाळात टोचल्यानंतर साधारण अर्ध्या सेकंदाने माथ्यावरच्या इलेक्ट्रोडखाली एक ठरावीक लहर उमटते. नुसत्या स्पर्शाने ती उमटत नाही. गर्भधारणेपासून मोजलेले वय सुमारे ३५ आठवडे होण्याआधी मात्र टोचणे आणि स्पर्श दोन्हींना मेंदूचा प्रतिसाद बराचसा सारखाच असतो.

या पद्धतीमुळे पेटलेला वाद साखरपाण्याचा. टोचण्याआधी जिभेवर साखरपाण्याचे थेंब देण्याची रीत जगभर आहे. संशोधक रेबेका स्लेटर व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ५९ बाळांची चाचणी प्रसिद्ध केली. साखरपाणी मिळालेल्यांचे चेहरे कमी वाकडे झाले. लहर मात्र साध्या पाण्यावरच्या बाळांइतकीच राहिली. म्हणजे दुखणे तसेच राहून फक्त चेहरा निवळला? टीकाकारांच्या मते ही लहर संवेदनेची पहिली धडक तेवढी दाखवते, नंतरचा त्रास नव्हे. हा आक्षेप वजनदार आहे, पण चेहऱ्यावर भिस्त ठेवणाऱ्यांनाही तो तितकाच लागू पडतो.

२०१५ मध्ये ऑक्सफर्डला झोपलेल्या नवजातांच्या एफएमआरआयमध्ये (मेंदूतील रक्तप्रवाहाचे बदल टिपणारे चुंबकीय चित्रण), प्रौढांत वेदनेच्या वेळी सक्रिय होणाऱ्या २० पैकी १८ भागांत सक्रियता दिसली. हे यंत्र अर्थात वॉर्डात नेता येत नाही. ईईजी पाळण्यापाशी आणता येतो, पण एकेका बाळाची लहर बारीक असते आणि हातपाय झाडले की नोंद बिघडते. त्यामुळे तो आजही प्रामुख्याने औषधांच्या चाचण्यांत वापरला जातो.