मनात पत्र जुळवणं आणि मनात बोलत बसणं

पुण्याच्या मोठ्या भावाला घराच्या वाटणीबद्दल लिहायचंय म्हणून माणूस संध्याकाळी सोलापुरात कंबर तलावाला चकरा मारतो, घरी येऊन म्हणतो सगळं डोक्यात रेडी आहे, नुसतं उतरवायचंय. आणि मग कागदावर "ती. दादास, शि. सा. नमस्कार" च्या पुढं पेन हलत नाही, कारण चकरा मारताना तो पत्र जुळवत नव्हताच, दादाशी बोलत होता.

बाहेरून दोन्ही सेम दिसतं. पण मनात बोलताना दादा उत्तर देतो, म्हंजे आपणच त्याच्या तोंडी वाक्य घालतो, त्यावर चिडतो, की परत पहिल्यापासून सुरू. पत्रात तो मधे बोलू शकत नाही, त्याला काय कळणार नाही ते आपणच आधी ओळखायचं असतं.

रशियन मानसशास्त्रज्ञ व्हायगॉट्स्कीनं १९३४ च्या पुस्तकात हे फार नीट मांडलंय: मनातली भाषा सगळ्यात तुटक, कारण विषय आपल्याला माहीतच असतो, आणि लिहिलेली सगळ्यात सविस्तर. मनात "आणि त्या पावतीचं काय" एवढ्यात भागतं, कागदावर कुठली पावती, कधीची, कुणाकडं आहे सगळं लिहावं लागतं. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात घरी तेलुगू बोलून पत्र मराठीत लिहिणाऱ्यांना हा फरक लगेच जाणवतो, भांडण तेलुगूत चालतं आणि पत्राचं वाक्य मराठीत वेगळं बांधावं लागतं.

अजून एक, अख्खं पत्र शब्दन् शब्द डोक्यात राहतच नाही. बॅडली आणि हिच यांनी १९७४ ला स्मृतीचं जे मॉडेल मांडलं त्यावरच्या पुढच्या कामातून दिसलं की मनातला आवाज साधारण २ सेकंदांत बोलून होईल तेवढंच धरून ठेवतो, बाकी घोकत राहावं लागतं. म्हणून खरं जुळवणारा क्रम ठरवतो, आधी आईचा औषधपाणी खर्च, मग पावती, मग मागणी, आणि पहिलं वाक्य तेवढं पक्कं करतो. निळ्या आंतरदेशीय पत्रावर लिहिणारे असंच करायचे, जागा मोजकी आणि खाडाखोड डोळ्यात खुपायची.

मनात बोलणं वाईट नाही हं, काय सलतंय ते त्यातूनच कळतं. फक्त त्याला पत्र समजू नका. शंका असेल तर घरात कुणाला, वहिनीला वगैरे, तोंडी सांगून बघा, ती मधेच "कुठली पावती?" म्हणाली तर अजून बोलणंच चालू आहे, पेन नंतर घ्या.